गेर्लिंडे प्रोनला भेट आलेला पोशाख

एकाहत्तराव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदाच, गेर्लिंडे प्रोनला पोहण्याचा पोशाख मिळाला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पोशाख टपालानं आला. निळा, गुळगुळीत, छातीवर नव्या हॉटेलचं रुपेरी चिन्ह. सोबत जाड कागदाची चिठ्ठी: ‘गावातल्या ज्येष्ठ स्नानप्रेमींना सप्रेम भेट.’ गेर्लिंडेनं तो दोन बोटांत धरून उचलला, कुजका मासा उचलावा तसा. कुजक्या माशाशी तिची चांगली ओळख होती. जर्मन किनाऱ्यावरच्या वेंडेनहागन गावातल्या धुरीघरात छत्तीस वर्षं तिनं माशांना धूर दिला होता.

“सप्रेम म्हणे!” रिकाम्या स्वयंपाकघरात ती ओरडली. “अंगावर कापड नाही म्हणून दया आली वाटतं मेल्यांना!”

मग तिनं त्या पोशाखानं शेगडीखालची काजळी पुसली आणि तो मोरीच्या खिळ्याला अडकवून दिला. त्यानं काजळी मुळीच टिपली नाही, नुसती फासली. त्याचाही तिला राग आला.

राग येणार नाही तर काय? वेंडेनहागनच्या किनाऱ्यावर एक लाकडी खांब होता, त्यावर पिवळी पाटी. खांबाच्या अलीकडे कापडवाले आणि पलीकडे माणसं, असं गेर्लिंडे म्हणायची. पलीकडे कुणी कपडे घालत नसे. तिच्या आईनं घातले नव्हते, नवऱ्यानं, होर्स्टनं घातले नव्हते, आणि त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटलंही नव्हतं. खांबाशी आलं की आधी बूट सोडायचे, दोन्ही नाड्यांची गाठ मारून बूट गळ्यात अडकवायचे, मग बाकीचं. गावातली पोरं नाड्या सोडायला घरी शिकत नसत, त्या खांबाशी शिकत.

आणि आता त्या खांबासमोर हॉटेल उभं राहिलं होतं. चार मजली, काचेचं. गच्चीवर मोठी दुर्बीण बसवलेली. जहाजं बघायला म्हणे. जहाजं जातात उत्तरेला आणि दुर्बिणीचं तोंड सदा पूर्वेला, खांबाच्या पलीकडे. तरी तक्रार हॉटेलचीच: आमच्या पाहुण्यांना दृश्य बघवत नाही. तेव्हा खांब अकराशे मीटर पूर्वेला, कड्याच्या मागे न्यावा. गुरुवारी ग्रामसभेत मतदान.

अकराशे मीटर हा आकडा कागदावर काहीच नव्हता. पण गेर्लिंडेच्या उजव्या गुडघ्यात धातूची वाटी होती. ती वाटी तिला घरापासून खांबापर्यंत नेत असे, वाटेत दोनदा बसून, आणि तितकंच बसून परत आणत असे. त्यापुढे एक पाऊल नाही. पाण्यात शिरली की मात्र गुडघा आहे की नाही याचा तिला विसर पडे. दिवसातली ती वीस मिनिटं तिच्या अंगात काही दुखत नसे. शिवाय खांबाच्या पलीकडे, दहा पावलांवर, तिचं वाळूचं कुंपण होतं. दर मे महिन्यात ती आणि होर्स्ट कमरेइतकी गोल भिंत उभारत आणि तिच्यावर शिंपल्यांनी दोघांची अक्षरं मांडत. होर्स्टला जाऊन चार वर्षं झाली. भिंत आता गुडघ्याएवढीच होत होती, पण अक्षरं दोन्ही होती.

खांब हलला की हे सगळं संपलं. मग बसायचं खिडकीत, मांडीवर निळा पोशाख घेऊन!

हे असं घरात धुमसत असताना त्याच आठवड्यात तिच्या वरच्या खोलीत पाहुणा आला. उन्हाळ्यात ती खोली भाड्यानं देई. इग्नात्स ओबरहोफर, वय सहासष्ट, विधुर. इटलीच्या उत्तरेकडच्या डोंगरात, जिथं जर्मन बोलतात तिथल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये तो घंटा वाजवी, मेणबत्त्या लावी, पाद्र्याचे झगे इस्त्री करी. छातीत कफ धरला म्हणून डॉक्टरनं त्याला समुद्राच्या हवेवर पाठवलं होतं. पासपोर्ट इटलीचा, बोली जर्मन आणि कपडे जानेवारीचे. समुद्र त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं विचारलं, “प्रोनबाई, इथं लोक आंघोळीला कुठं जातात?”

“माझ्याबरोबर चला,” गेर्लिंडे म्हणाली. “मी निघालेच आहे.”

एवढंच म्हणाली. लपवाछपवी केली नाही, चेष्टाही केली नाही. तिला सांगायचं सुचलंच नाही. समुद्र ओला असतो हे कुणी पाहुण्याला आधी सांगतं का? हॉटेलवाल्यांवर चिडता चिडता ती खांबापर्यंत गेली, बूट गळ्यात अडकवले, सदरा काढला, घागरा काढला, सगळ्याची घडी घातली आणि मागं वळून पाहिलं. पाहुणे बुटांसकट, टोपीसकट, कोटाची तिन्ही बटणं लावून उभे होते आणि आकाशाकडे बघत होते.

“काय, पाऊस येतोय का?” तिनं विचारलं.

“नाही,” इग्नात्स आकाशालाच म्हणाला.

“मग चला की.”

तो चालला, मान वरच ठेवून. त्यामुळे पहिल्याच कुंपणाच्या भिंतीला अडखळून तो आत पडला, तो थेट एगोनच्या पायाशी. एगोन हा फेरीबोटीचा निवृत्त मिस्त्री, गेर्लिंडेचा पन्नास वर्षांपासूनचा मित्र, सहा फूट उंच, ढेरपोट्या आणि खारकेच्या रंगाचा. माणूस सभ्य. पडलेल्या पाहुण्याला त्यानं हात देऊन उभं केलं, तोच हात हातात घेऊन हलवला आणि म्हणाला, “स्वागत आहे. ऊन छान पडलंय, नाही?”

इग्नात्सनं डोळे मिटून घेतले. त्याचे ओठ हलत होते. खिशातल्या जपमाळेवर फिरणारी बोटं कोटावरूनसुद्धा दिसत होती.

गेर्लिंडेनं त्याला आपल्या कुंपणात बसवलं. तो समुद्राकडे पाठ करून बसला, पण तिकडे तर अख्खा किनारा होता. म्हणून परत वळला, तर पाण्यातून धुरीघरातल्या दोन जुन्या सोबतिणी बाहेर येत होत्या. शेवटी त्यानं टोपी नाकापर्यंत ओढली. जुलैच्या उन्हात, लोकरीच्या कोटात घामाच्या धारा लागल्या होत्या, पण वरचं बटण सोडायची तयारी नाही.

आता आसपासची माणसं बघू लागली. खांबाच्या पलीकडे कुणी कुणाकडे टक लावून बघत नाही, तो मोठा गुन्हा. पण बूट घालून वाळूत बसलेला माणूस दिसल्यावर करणार काय?

“गेर्लिंडे,” एगोन हळूच येऊन म्हणाला, “अगं, तुझ्या पाहुण्यांना काही... त्वचेचं वगैरे आहे का? असेल तर असू दे गं. आम्ही काही बोलणार नाही.”

“काही नाही झालेलं त्यांना!”

“मग बायका विचारतायत की हॉटेलनं पाठवलेला माणूस आहे का म्हणून.”

हे मात्र गेर्लिंडेला झोंबलं. एकाहत्तर वर्षांत या वाळूवर तिला मान खाली घालावी लागली नव्हती.

“अहो पाहुणे,” ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “पंगतीला बसायचं, घास खायचा नाही आणि दुसऱ्यांच्या ताटात बघत राहायचं, याला तुमच्या गावात काय म्हणतात?”

“मी बघत नाहीये!” टोपीच्या आतून आवाज आला. “मी जिवाच्या आकांतानं न बघण्याचा प्रयत्न करतोय!”

“कपडे घालून बसलेला माणूस इथं बघायलाच येतो. दुसरं कशाला येईल? माझी अब्रू घालवलीत तुम्ही!”

“मी तुमची घालवली?” इग्नात्स ताडकन उठला. त्याचाही पारा चढला होता. “बाई, अडतीस वर्षांच्या संसारात मी बायकोसमोर दिवा मालवल्याशिवाय सदरा काढला नाही! आणि तुम्ही मला सांगता अब्रू! सांगायचं तरी होतंत!”

“काय सांगायचं?”

तिला खरंच कळलेलं नाही हे तिच्या तोंडावर स्पष्ट होतं. मग इग्नात्स दाणदाण पाय आपटत निघून गेला, आणि जाताना भिंतीवरचं होर्स्टचं अक्षर त्याच्या बुटाखाली आलं.

शिंपले परत मांडताना गेर्लिंडे पुटपुटत होती. ते शब्द इथं न लिहिलेलेच बरे.

संध्याकाळी ती जेवण वाढत होती. बटाट्याचं सॅलड, धुरी दिलेला चपटा मासा, पाव. बोलायचं नाही असं दोघांनीही ठरवलं होतं. पण मोरीच्या खिळ्यावर काजळीनं माखलेलं निळं काहीतरी लोंबत होतं आणि इग्नात्सची नजर पुन्हा पुन्हा तिकडे जात होती.

“ते काय आहे?”

“ती माझी भेट,” गेर्लिंडे म्हणाली, आणि मग तिला थांबवेना. हॉटेल, दुर्बीण, खांब, अकराशे मीटर, धातूची वाटी, होर्स्ट. तिनं मासा कापायच्या सुरीनं टेबलावर सगळा नकाशा काढला.

इग्नात्सचा घास हातातच राहिला. तो म्हणाला, “आमच्याकडे उतारावर एक क्रूस होता. माझ्या आजोबांच्याही आधीचा. बर्फावर घसरायला येणाऱ्यांसाठी वर उपाहारगृह निघालं. त्यांच्या लोकांना उन्हात बसून बिअर पिताना तो क्रूस समोर बघवेना. खाली हलवला, गोठ्याच्या मागं.”

“आणि तुम्ही काय केलंत?”

“मी?” त्यानं माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. “मी पाना धरला. नट गंजले होते.”

त्यानंतर गेर्लिंडेनं त्याला आणखी एक मासा वाढला. पण अक्षरावर बूट पडला होता तो पडलाच होता.

गुरुवारी पाच वाजता बंबवाल्यांच्या सभागृहात गाव जमलं. तिथं गेर्लिंडेची फजिती झाली. दारात टाय बांधलेल्या एका उंच माणसानं तिला नमस्कार केला. तिनं अनोळखी म्हणून मान फिरवली आणि पुढं गेली.

“अगं, मी एगोन!”

“मग असा का आलास?” ती खेकसली. “ओळखायचं कसं माणसानं?”

सरपंच राल्फ बोल्डुआन हा याच गावचा. आई धुरीघरात गेर्लिंडेच्या शेजारी उभी राहायची, त्यामुळे राल्फचे सगळे उन्हाळे गेर्लिंडेच्या कुंपणात गेले. पोहायला त्याला होर्स्टनं शिकवलं आणि बुटाच्या नाड्या सोडायला गेर्लिंडेनं. आता तो सुटात उभा होता, शेजारी हॉटेलच्या व्यवस्थापक बाई, आणि तो कागद वाचत होता. “कुणावर बंदी नाही. केवळ स्थानबदल. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांच्या भावनांचा विचार...”

“आणि आमच्या गुडघ्यांचा?” गेर्लिंडे उठलीच. “राल्फ, तुझ्या त्या भावनावाल्या पाहुण्यांना आम्ही दिसतो कसे रे? गच्चीपासून आम्ही मुंग्यांएवढे. दुर्बिणीला डोळा लावल्याशिवाय माणूस आहे की बाक आहे तेही कळणार नाही. रांग लावून बघायचं आणि मग म्हणायचं, बघवत नाही! डोळे आवरायचे कुणी, त्यांनी की मी?”

सभागृहात टाळ्या पडल्या. व्यवस्थापक बाई राल्फच्या कानात काही कुजबुजल्या. त्यानं मान हलवली.

“मावशी, रागावू नका. आपण परक्या माणसालाच विचारू. तुमच्याच घरी परदेशातून पाहुणे आलेत ना? परवा ते किनाऱ्यावर होते म्हणे.” तो इग्नात्सकडे वळला. “ओबरहोफरसाहेब, मोकळेपणानं सांगा. तुम्हाला तिथं कसं वाटलं?”

इग्नात्स उठला. टोपी हातात धरली. चाळीस वर्षं चर्चमध्ये काढलेला माणूस, खोटं बोलायची सवय नव्हती.

“अवघडल्यासारखं झालं,” तो म्हणाला. “फार. मी पळून गेलो, कारण...”

पुढचं हशात बुडालं. राल्फनं हात वर केला. “धन्यवाद! अशी प्रामाणिक साक्ष मिळणं कठीण. मतदानाला सुरुवात करू.”

इग्नात्स बोट वर करून उभाच होता, वर्गात परवानगी मागावी तसा. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. पंचायतीच्या नऊ सदस्यांची मतं पडली: सहा खांब हलवायच्या बाजूनं, तीन विरोधात.

घरी आल्यावर गेर्लिंडेनं ताट टेबलावर आदळलं. “जेवा. साक्षीदारांना भूक लागत असेल.”

“प्रोनबाई, माझं वाक्य...”

“ऐकलं तुमचं वाक्य. अख्ख्या गावानं ऐकलं. पाना धरायची सवय आहे ना तुम्हाला? धरलात परत.”

हे बोलून ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. खरं सांगायचं तर तिला रडू येत होतं, आणि रडण्याचीच तिला सगळ्यात जास्त चीड होती.

सकाळी वरची खोली रिकामी होती. अंथरुणाची घडी घातलेली, कोटही नाही. गेला असेल पहिल्या गाडीनं, तिला वाटलं. जाईना का! ती मोरीशी गेली, तर खिळ्यावरचा पोशाखही नव्हता. आता मात्र कमाल झाली. माणूस चिंधीसुद्धा सोडत नाही?

तिनं टॉवेल घेतला आणि निघाली. दोनदा बसली. दुसऱ्या बाकावरूनच तिला दिसलं की खांब नव्हता. रात्र संपायच्या आत उपटला होता. म्हणजे ठराव व्हायच्या आधीपासून फावडी तयार होती! जिथं खांब होता तिथं आता काठीवर काहीतरी निळं फडफडत होतं. हॉटेलचा झेंडा! एका दिवसाचीही कळ काढवली नाही यांना! गेर्लिंडे उठली आणि त्या गुडघ्याला आजवर माहीत नसलेल्या वेगानं चालत सुटली. तो झेंडा उपटून समुद्रात भिरकावल्याशिवाय ती आज घरी जाणार नव्हती.

जवळ गेली तेव्हा तिला झेंड्यावरची काजळी दिसली.

खांबाच्या खड्ड्यात इग्नात्सची डोंगरात वापरायची काठी रोवलेली होती आणि तिच्या टोकाला गेर्लिंडेचा पोशाख दोन्ही पट्ट्यांनी बांधलेला होता. काठीपासून दहा पावलांवर, तिच्या कुंपणात, इग्नात्स बसला होता. अंगावर टोपी होती, गळ्यात लहानसा क्रूस आणि नाड्यांनी बांधलेले बूट. बाकी काही नाही. सोललेल्या बटाट्यासारखा पांढरा, आणि खांदे आत्ताच लाल व्हायला लागलेले. तोंड थेट हॉटेलच्या गच्चीकडे करून बसला होता.

गेर्लिंडे काठीशी थांबली. बूट सोडले, गळ्यात अडकवले, बाकीचं काढलं, घडी घातली. मग आत जाऊन त्याच्या शेजारी बसली. होर्स्टचं अक्षर जागेवर होतं, शिंपले धुऊन लावलेले.

“काल माझं अर्धं वाक्य राहिलं होतं,” इग्नात्स गच्चीकडे बघतच म्हणाला.

“सांगा आता.”

“मी पळून गेलो, कारण तिथं बघणारा मी एकटाच होतो.”

गेर्लिंडेनं त्याच्या लाल खांद्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, “खांद्यांना तेल लावा. आज रात्री झोपता येणार नाही तुम्हाला.”

हळूहळू बाकीचे आले. एगोन आला. काठी पाहून जरासा थबकला आणि मग त्यानं नेहमीसारख्या नाड्या सोडल्या. धुरीघरातल्या दोघी आल्या. आज गेर्लिंडेनं एकूण एक माणूस लांबूनच ओळखला. गच्चीवर दुर्बिणीपाशी माणसं जमली, तशी व्यवस्थापक बाई फोन कानाला लावून येरझाऱ्या घालू लागल्या. पंधरा मिनिटांत राल्फ सुटाबुटात वाळू तुडवत आला. हातात ठरावाचा कागद होता.

“मावशी, हे चालणार नाही!” तो लांबूनच ओरडला. “हद्द बदललीय. कायदा सगळ्यांना सारखा. मला पोलिसांना बोलवायला लावू नका!”

“ओरडतोस कशाला? ये की इकडे,” गेर्लिंडे म्हणाली. ती पाण्याकडे जायला उठली होती. “जवळ येऊन वाचून दाखव.”

तो तरातरा निघाला आणि काठीशी आला. तिथं त्याचे पाय थांबले. वर काजळीनं माखलेला पोशाख फडफडत होता. समोर आठ-नऊ माणसं शांत उभी होती, त्याच्या आईच्या सोबतिणी, एगोनकाका, आणि सगळे त्याच्या तोंडाकडेच बघत होते, दुसरीकडे कुठं नाही. राल्फनं कागद उघडला. मग तो परत मिटला, दातांत धरला आणि खाली वाकला. आपण काय करतोय हे त्याच्या ध्यानात येण्याआधीच त्याचा हात बुटाच्या नाडीला लागला होता. गच्चीवरून व्यवस्थापक बाई त्याच्या नावानं हाका मारत होत्या. नाडीची गाठ बसली होती, सुटत नव्हती.

“लांब टोक ओढ रे,” गेर्लिंडे म्हणाली. “दर वेळी तेच सांगावं लागतं तुला.”

आणि त्याची वाट न बघता ती पाण्यात शिरली.